त्याचा निकाल ‘उच्च’, माझा ‘अत्यंत कमी’

ताई,

माझं वय २९, तो ३१ वर्षांचा. आम्हाला एकमेकांबरोबर ८ महिने झाले आणि आता लग्नाचा विचार सुरू आहे. परवा रात्री सहज म्हणून शेजारी शेजारी बसून आम्ही फोनवर एक चाचणी भरली. ‘तुमचा स्वभाव आणि लैंगिक जोखीम’ असं काहीसं तिचं नाव होतं. त्याचा निकाल ‘उच्च’ आला, माझा ‘अत्यंत कमी’. खाली लिहिलं होतं की उच्च गुण असलेल्यांचे जोडीदार जास्त असतात, ते कंडोम कमी वापरतात आणि त्यांना संसर्ग होण्याची शक्यता जास्त असते. तो हसला आणि विसरूनही गेला. माझी मात्र झोप उडाली आहे.

माझ्याआधी त्याची दोन नाती होती, एवढंच मला माहीत आहे. जास्त विचारलं तर संशय घेतल्यासारखं होईल, म्हणून विचारलं नाही. माझ्या आयुष्यात तो पहिलाच, त्यामुळे मी कधी कसली तपासणी केलेली नाही. सुरुवातीला आम्ही कंडोम वापरायचो. मी गोळ्या सुरू केल्यावर ते आपोआपच थांबलं. त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही. हा विषय माझ्या तोंडातून निघतच नाही.

या चाचणीवर किती विश्वास ठेवू? आणि हिच्यापेक्षा अचूक, शास्त्रीय अशी एखादी चाचणी असते का, जी लग्नाआधी त्याला देता येईल?

– एक वाचक

*

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते छोटं आहे. अशी चाचणी नाही. स्वभाव मोजणाऱ्या चांगल्या प्रश्नावल्या आहेत, वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेल्या. पण हा माणूस पुढे कसा वागेल किंवा याला आज संसर्ग आहे का, हे त्यांतली एकही सांगत नाही. हे दुसरं कळण्याचा मार्ग अगदी सोपा आहे, आणि तुझ्या पत्रात तो येऊन निसटला आहे. त्याकडे येतेच, पण आधी त्या चाचणीचं भूत उतरवू या.

तुम्ही भरलेली चाचणी मी पाहिलेली नाही, पण तिचं घराणं ओळखू येतं. मार्विन झुकरमन हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ १९६० च्या आसपास एक विचित्र प्रयोग करत होते. माणसाला अंधाऱ्या, आवाज न पोचणाऱ्या खोलीत ठेवायचं आणि बाहेरून कुठलीच संवेदना आली नाही तर त्याचं काय होतं, ते बघायचं. काही जण निवांत पडून राहायचे, काही कासावीस व्हायचे. कोण कासावीस होणार हे आधी ओळखता येईल का, या खटपटीतून १९६४ मध्ये त्यांची प्रश्नावली आली. तिचं १९७८ चं रूप सर्वांत जास्त वापरलं गेलं. त्यात विधानांच्या ४० जोड्या आहेत. प्रत्येक जोडीतलं आपल्याला पटणारं एक निवडायचं. त्यातून चार गोष्टी मोजल्या जातात: धाडसाची आवड, नव्या अनुभवांची ओढ, बंधनं सैल सोडून मजा करण्याची वृत्ती आणि कंटाळा सहन न होणं. या सगळ्याला मिळून ‘सेन्सेशन सीकिंग’ म्हणतात. मी इथे थराराची ओढ म्हणेन.

पुढे एड्सच्या साथीत संशोधकांपुढे एक कोडं आलं. धोका माहीत असूनही काही माणसं कंडोम का वापरत नाहीत? १९९० च्या दशकाच्या मध्यात सेथ कलिचमन यांनी झुकरमन यांची कल्पना फक्त लैंगिक वर्तनापुरती घेतली आणि दहा-अकरा विधानांची छोटी श्रेणी, म्हणजे गुण मोजणारी प्रश्नावली, बनवली. प्रत्येक विधान आपल्याला कितपत लागू पडतं, ते १ ते ४ मध्ये सांगायचं. आज फोनवर फिरणाऱ्या बऱ्याच चाचण्या याच वंशातल्या दिसतात. मधेच कुणी विधानं बदललेली, कुणी गुणांच्या पायऱ्या आपल्या सोयीने ठरवलेल्या.

या मूळ श्रेणीतच एक गोची आहे. तिच्यातलं एक विधान कंडोमशिवायच्या संबंधांची संवेदना आवडते, अशा अर्थाचं आहे. झुकरमन यांच्या प्रश्नावलीतही दारू, पार्ट्या आणि संबंध यांबद्दलची विधानं होतीच. आता या विधानांना ‘हो’ म्हणणारे लोक कंडोम कमी वापरतात असा शोध लागला, तर त्यात नवल ते काय? प्रश्नातच अर्धं उत्तर दडलेलं. संशोधकांच्या हे लक्षात आलं आणि नंतरच्या काही श्रेण्यांतून अशी विधानं काढून टाकली गेली. पण ‘उच्च’ या लाल अक्षरांखाली हे बारकावे कोण छापणार?

बरं, ‘उच्च’ म्हणजे कशाच्या वर? रक्तातल्या साखरेला जशी आजाराशी पडताळून ठरवलेली मर्यादा असते, तशी इथे नसते. बऱ्याचदा ज्यांच्यावर श्रेणी तपासली त्या गटाच्या मधोमध रेघ मारलेली असते, आणि तो गट बहुधा कॉलेजातल्या मुलामुलींचा असतो. रेघ मधोमध असली की निम्मे लोक ‘उच्च’ ठरणारच.

तरीही ही सगळी फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. नातं खरं आहे, फक्त सैल आहे. २००० साली रिक हॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. थराराची ओढ, उतावीळपणा आणि दुसऱ्याची फारशी पर्वा नसणं यांचा जोखमीच्या लैंगिक वर्तनाशी संबंध वारंवार दिसला, पण तो बहुतेक ठिकाणी लहान ते मध्यम होता. दोन गोष्टी किती बरोबरीने बदलतात, ते सांगणाऱ्या आकड्याला सहसंबंध म्हणतात; शून्य म्हणजे काहीच नातं नाही, एक म्हणजे पूर्ण. समजा तो ०.२५ आहे. त्याचा वर्ग केला की साधारण ०.०६ येतो. याचा अर्थ माणसामाणसांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातले शंभरातले सहा भाग या स्वभावाशी जोडता येतात. उरलेले ९४ भाग नातं कसं आहे, समोर कोण आहे, दारू होती का, कंडोम हाताशी होता का, नको म्हणायची मोकळीक होती का, अशा गोष्टींत विखुरलेले. उंच माणसांची पावलं साधारणपणे मोठी असतात, म्हणून कुणी निव्वळ उंची विचारून दुसऱ्यासाठी चपला आणत नाही. आणि उंचीचं पावलाशी नातं तरी बरंच घट्ट असतं. इथलं त्याच्या जवळपासही नाही.

हजार माणसांबद्दल बोलायचं असेल तर मात्र असा सैल धागाही कामाला येतो, आणि या श्रेण्या केल्या त्या त्यासाठीच. याचं मला आवडणारं उदाहरण केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टन शहरातलं आहे. २००३ मध्ये तिथल्या टीव्हीवर तीन महिने सुरक्षित संबंधांच्या जाहिराती दाखवल्या गेल्या. त्या मुद्दाम थराराची ओढ जास्त असलेल्या आणि निर्णय झटकन घेणाऱ्या तरुणांसाठी केलेल्या होत्या: वेगवान, नाट्यमय, उपदेश न करणाऱ्या. शेजारच्या टेनेसी राज्यातलं नॉक्सव्हिल शहर तुलनेसाठी घेतलं होतं. लेक्सिंग्टनमधल्या या ‘उच्च’ गटात कंडोमचा वापर वाढला. ज्यांच्याबद्दल तुझ्या चाचणीने भाकीत केलं, तीच ही माणसं. त्यांच्याशी कुणी त्यांना भावेल अशा पद्धतीने बोललं, आणि स्वभाव तसाच राहून वागणं बदललं.

आता थोडं त्याच्याबद्दल. थरार आवडणं आणि उतावीळ असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चाचण्या त्यांची सर्रास गल्लत करतात. स्टीफन व्हाइटसाइड आणि डोनाल्ड लायनम यांनी २००१ मध्ये उतावीळपणाच्या ढिगाऱ्यातून चार धागे वेगळे काढले: मन सैरभैर असताना तोल जाणं, आधी विचार न करणं, हातातलं काम मधेच सोडणं आणि थराराची ओढ. पुढे त्यात पाचवा आला, आनंदाच्या भरात वाहवत जाणं. कड्यावर दोर बांधून चढणारा माणूस थराराचा भुकेला असतो, पण तोच दोराची गाठ तीनदा तपासतो. घाबरवणारी जोडी असते ती थराराची ओढ आणि विचार न करणं यांची, त्यातही भावनेच्या भरात. तेव्हा तुझ्या मित्राला नवं काहीतरी करून बघायला आवडतं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. भांडण झाल्यावर, दारू प्यायल्यावर, खूप खूश असताना किंवा खचलेला असताना तो काय करतो? आठ महिन्यांत तू हे कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त पाहिलं असशील.

आणि फक्त शय्यागृहात पाहू नकोस. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार मुलांच्या मागे संशोधक आजवर आहेत. त्यांचा स्वभाव १८ व्या वर्षी मोजला आणि २१ व्या वर्षी चार गोष्टी पाहिल्या: दारूवरचं अवलंबन, हिंसक गुन्हे, असुरक्षित संबंध आणि बेदरकार गाडी चालवणं. या गोष्टी करणाऱ्यांच्या स्वभावाचं चित्र बरंचसं सारखं निघालं. जपून राहण्याची वृत्ती कमी, स्वतःवरचा ताबा कमी, माणसांशी जवळीक ठेवण्याची ओढ कमी आणि आक्रमकपणा जास्त. तुझा मित्र गाडी कशी चालवतो, पैशांचा व्यवहार कसा करतो, मित्रांना दिलेला शब्द पाळतो का, चिडला की कसा वागतो? यातूनही पक्कं भाकीत होत नाही, पण निदान तू खऱ्या माणसाकडे बघत असशील.

आणखी एक श्रेणी मुद्दाम सांगते, कारण मला ती या सगळ्यांत जास्त समंजस वाटते. अमेरिकेत लैंगिकतेवर संशोधन करणाऱ्या किन्से इन्स्टिट्यूटमधले जॉन बँक्रॉफ्ट आणि एरिक यान्सन यांनी दोन स्वतंत्र गोष्टी मोजायचं ठरवलं: माणूस किती सहज उत्तेजित होतो, आणि काय झालं की त्याची उत्तेजना मावळते. २००२ ची त्यांची प्रश्नावली ४५ विधानांची आहे. मावळण्याचीही दोन कारणं त्यांनी वेगळी काढली. एक, ‘आपल्याला जमेल ना’ ही धास्ती. दुसरं, परिणामांची भीती: संसर्ग, गर्भधारणा, कुणी पाहील, दुसऱ्याला त्रास होईल. ज्यांना या परिणामांच्या विचाराने उत्तेजना मावळत नाही, ते जोखीम जास्त घेतात असं दिसतं. कुणाला किती इच्छा आहे यावरून त्याला धोकादायक ठरवणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यायला हवा. भरपूर इच्छा असणं हा दोष नव्हे.

प्रश्नावली भरताना माणूस शांत असतो, हीही एक अडचण. डॅन एरिएली आणि जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना एकच प्रश्न दोन अवस्थांत विचारले, शांत असताना आणि लैंगिक उत्तेजना असताना. दुसऱ्या अवस्थेत कंडोमबद्दलची उत्तरं बरीच ढिली पडली. शांत डोक्याने आपण आपल्याबद्दल जे सांगतो ते खोटं नसतं, पण पुरेसं खरंही नसतं. त्यात तुमच्यासारखं शेजारी बसून, एकमेकांच्या स्क्रीनकडे डोकावत भरलं, तर विचारायलाच नको. मिशेल अलेक्झांडर आणि टेरी फिशर यांनी २००३ मध्ये यावर एक मजेदार अभ्यास केला. काही जणांना त्यांनी खोटं पकडणाऱ्या यंत्राला जोडल्याचं भासवलं. यंत्र प्रत्यक्षात चालत नव्हतं. काहींना उत्तरं कुणी पाहील असं वाटू दिलं. उत्तरं पाहिली जातील असं वाटत असताना बायका आणि पुरुष यांनी सांगितलेल्या जोडीदारांच्या संख्येत मोठी तफावत होती. यंत्राला जोडलं तेव्हा ती जवळजवळ नाहीशी झाली. आता सांग, परवा रात्री तू तुझी उत्तरं कुणाकडे बघत दिलीस? आणि तो तुझ्या देखत ‘हो, मला नवं काहीतरी हवं असतं’ असं निवडत गेला, हे तू फक्त धोक्याच्या खात्यात का टाकतेस? त्यात थोडी फुशारकी असेल, पण मोकळेपणाही असू शकतो.

आता तुझ्या ‘अत्यंत कमी’कडे येते. हे वाचताना रागावू नकोस.

विल्यम फिशर, डॉन बर्न आणि इतरांनी आणखी एक स्वभावविशेष मोजला आहे: लैंगिक गोष्टींबद्दल माणसाला मोकळं वाटतं की अवघडल्यासारखं. त्यांची २१ विधानांची प्रश्नावली १९८८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. अनेक अभ्यासांत एक उलटं चित्र दिसत आलं आहे. ज्यांना या विषयाचं अवघडलेपण जास्त, ते संबंध कमी ठेवतात हे खरं. पण ठेवतात तेव्हा गर्भनिरोधनाची तयारी कमी करतात, जोडीदाराशी कमी बोलतात. कारण तयारी करणं म्हणजे ‘मला हे हवं आहे’ असं कबूल करणं. विकत घ्यायला जावं लागतं, डॉक्टरांना विचारावं लागतं, जोडीदाराला थांबवावं लागतं. तुझ्या चाचणीने हे मोजलंच नाही. तिच्या लेखी लाजाळू माणूस म्हणजे सुरक्षित माणूस.

तुझं पत्र पुन्हा वाच. गोळ्या सुरू झाल्या आणि कंडोम गेला, चर्चेशिवाय. गोळी गर्भधारणा टाळते, संसर्ग टाळत नाही. त्याचा पूर्वेतिहास विचारला नाहीस, कारण ते संशयासारखं दिसेल. तपासणी केली नाहीस, कारण तो पहिला. पण तुझा पहिला असला तरी त्याची तू पहिली नाहीस, आणि जंतूंच्या हिशेबात त्याचं आधीचं आयुष्य आता तुझंही झालं. या तीनही गोष्टींत त्याच्या थराराच्या ओढीचा हात दिसत नाही. दोघंही बोलत नाही आहात, एवढंच दिसतं. तो का बोलला नाही, ते मला माहीत नाही; कदाचित तोही लाजत असेल.

म्हणून पहिलं काम: दोघांनी तपासणी करायची. फक्त त्याने नव्हे. लग्नाआधी त्याला द्यायची ‘शास्त्रीय चाचणी’ तू विचारलीस ना, ती ही. रक्तावरून एचआयव्ही, सिफिलिस, हिपॅटायटिस बी आणि सी. लघवीच्या किंवा स्वॅबच्या नमुन्यावरून क्लॅमिडिया आणि गनोरिया. बायकांसाठी योनीमार्गातला स्वॅब जास्त चांगला. शेवटच्या दोन तपासण्या डॉक्टर आपणहून सांगतीलच असं नाही, तेव्हा नाव घेऊन माग. काही लक्षण नाही म्हणून टाळू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात रोज दहा लाखांहून अधिक लोकांना बरे होऊ शकणारे लैंगिक संसर्ग होतात, आणि त्यातल्या बहुतेकांना काही जाणवतही नाही. क्लॅमिडिया बाईच्या शरीरात मुकाट राहून गर्भनलिकांना इजा करू शकतो, पुढे मूल होण्यात अडथळा आणू शकतो, आणि वेळेत कळला तर प्रतिजैविकांनी बरा होतो.

एचआयव्हीच्या तपासणीत वेळेचं गणित असतं. संसर्ग झाल्यावर काही दिवस तो चाचणीत दिसत नाही. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये केलेल्या अँटिजेन-अँटिबॉडी चाचणीसाठी ४५ दिवस उलटलेले असावेत, बोटाला टोचून लगेच निकाल देणाऱ्या चाचण्यांसाठी ९० दिवस धरावेत. तुम्ही ८ महिने एकत्र आहात. मधे दुसरं कुणी नसेल तर त्याच्या जुन्या नात्यांबद्दलचं उत्तर आज मिळेल, थांबायची गरज नाही. सगळे निकाल हातात येईपर्यंत कंडोम परत आणा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण नंतर ती ऐकू येणार नाही. निकालात काही निघालं तर लगेच ‘हा मला फसवत होता’ असा अर्थ काढू नकोस. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गुपचूप राहू शकतो. एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरू शकणारा विषाणू, तर वर्षानुवर्षं, आणि पुरुषांमध्ये तो शोधायची नेहमीच्या वापरातली चाचणीच नाही. तो आयुष्यात कधीतरी बहुतेकांना होतो आणि बहुतेकदा आपोआप जातो. लक्षणं नसताना हर्पीजची रक्ततपासणीही सहसा सुचवली जात नाही, कारण तिचे निकाल गोंधळात टाकतात. एचआयव्हीवर आज असे उपचार आहेत की रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरला नाही, तर तो संबंधांतून दुसऱ्याला जात नाही. तपासणीला जातेसच, तर एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बीच्या लशींबद्दल विचार. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची शिफारस २६ वर्षांपर्यंत सगळ्यांना एचपीव्हीची लस द्यावी अशी आहे, आणि २७ ते ४५ मध्ये डॉक्टरांशी बोलून ठरवावं अशी. गर्भाशयमुखाची तपासणी काही देशांत २५ पासून करतात, जागतिक आरोग्य संघटना ३० पासून सुचवते. तू उंबरठ्यावर आहेस, विचारूनच घे.

बोलायचं कसं, हा तुझा खरा अडसर. तो निकाल समोर धरून सुरुवात केलीस तर तो आरोपी होईल आणि तू वकील. स्वतःपासून सुरुवात कर. ‘मी आजवर एकदाही तपासणी केलेली नाही. लग्नाआधी करून घ्यायची आहे. आपण दोघं एकाच दिवशी जाऊ या?’ इतकं पुरेसं आहे. ते बोलताना एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही. चालताना किंवा गाडीत बसून अवघड विषय सोपे जातात. एकदा दार उघडलं की बाकीचे प्रश्न येतील: तुझी शेवटची तपासणी कधी झाली? आधीच्या नात्यांत कंडोम वापरायचास का? आपल्यात दुसरं कुणी नसावं असं मी धरून चालले आहे, तूही तसंच धरलं आहेस ना? हा शेवटचा प्रश्न फार जण विचारत नाहीत. दोघांनी आपापलं गृहीत धरलेलं असतं आणि ते एकच असतं असं नाही.

या उत्तरांची किंमत स्वभावाच्या गुणांपेक्षा कितीतरी जास्त आहे. संशोधकांनाही हे ठाऊक आहे. जेसिका टर्चिक आणि जॉन गार्स्के यांची २००९ ची २३ प्रश्नांची प्रश्नावली स्वभावाच्या वाटेला न जाता थेट विचारते की गेल्या सहा महिन्यांत तुम्ही काय काय केलंत. तुला ती छापून त्याच्यापुढे ठेवायची गरज नाही. तू त्याच्याशी लग्नाचं बोलते आहेस, तुला तोंडी विचारायचा अधिकार आहे.

तो चपापेल, थोडा वेळ घेईल, विनोद करेल, हे चालेल. तपासणीला साफ नकार, ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का’ म्हणून तुलाच गप्प करणं, कंडोम नको म्हणून दबाव, किंवा तुला न सांगता तो काढून टाकणं, यातलं काही घडलं तर मात्र थांब. याला थरारी स्वभाव म्हणून पदरात घेऊ नकोस. शेवटची गोष्ट तर तुझ्या संमतीशिवाय घडलेला संबंध आहे.

अशा चाचण्यांत हल्ली ‘सेक्सचं व्यसन’ असाही शिक्का मारून देतात. उद्या तो तुमच्यापैकी कुणावर बसला तर एवढं माहीत असू दे: आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या अकराव्या आवृत्तीत लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याचं निदान आहे, पण त्यासाठी साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असावा लागतो आणि त्यापायी आयुष्याची घडी विस्कटलेली किंवा मनाला मोठा त्रास होत असावा लागतो. तो त्रास निव्वळ ‘हे पाप आहे’ अशा भावनेचा असेल तर तो धरत नाहीत. फोनवरच्या दहा प्रश्नांतून हे निदान होत नाही.

आणि हो, ती चाचणी भरताना ईमेल किंवा फोन नंबर दिला होता का, ते बघ. निकाल पाहण्यासाठी खातं उघडायला लावलं असेल तर दोघांची खाती बंद करा आणि माहिती पुसून टाकायला सांगा. तुमच्या संबंधांबद्दलची इतकी खासगी उत्तरं कुणाच्या सर्व्हरवर, कशासाठी साठवली आहेत, हे त्या पानावर लिहिलेलं नसेल तर पुढची चाचणी भरूच नका.